गळ्यातला बर्फ

“रोज पाच वाक्यं तिला उन्हात बोलायला लावा, देरकर ताई. पट्टा न लावता. दारावरच्या भाजीवाल्याशी, ऑटोवाल्याशी, कोणाशीही. नाहीतर ही पोरगी बर्फात बोलेल, चंद्रपुरात नाही.”

पिंपळशेंडे मॅडम हे म्हणाल्या तेव्हा प्रांजली पर्समध्ये पेन शोधत होती. सरकारी वाचा-उपचार केंद्रातून तिच्या मुलीचं, तिथीचं, नाव काढून घ्यायचा अर्ज टेबलावर पडला होता. खोलीत एक पंखा, एक माठ आणि भिंतीवर चित्रांचा तक्ता होता, ज्यातला ‘ससा’ उन्हाने पिवळा पडला होता. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा इथे येऊन सहा वर्षांची तिथी ‘ससा’ नीट म्हणायला लागली होती. स्वतःचं नाव अजून नाही.

“मॅडम, उन्हाळ्यात इथे सत्तेचाळीस असतं,” प्रांजली म्हणाली.

“म्हणूनच म्हणून राहिली,” मॅडम म्हणाल्या. “तिला राहायचं आहे ते ह्याच सत्तेचाळीसात.”

प्रांजलीने सही केली. तिला वाटलं, बाईंचा एक पेशंट कमी होतोय, म्हणून लागलं असेल मनाला. ती रसायनशास्त्रात एम. एस्सी. होती, सगळं वाचून, तपासून मगच निर्णय घ्यायची. तिथीच्या अडखळण्याची तिने एक वहीच केली होती : तारीख, शब्द, किती सेकंद. सर्वांत जास्त सेकंद नेहमी एकाच शब्दापुढे असत. तिथी.

नाव विचारलं की पोरीचे ओठ ताणले जायचे, मान एका बाजूला जायची, डोळे मिटायचे. “ति-ति-ति” इतकंच. समोरचं माणूस हसायचं, किंवा त्याहून वाईट म्हणजे मदत करायचं. एकदा बागेत घसरगुंडीजवळ दुसऱ्या एका मुलीने तिला नाव विचारलं, तेव्हा तिथी सहज म्हणाली, “मीरा.” म ओठांतून घसरत जातो, अडत नाही. पोरीने आपलं आपण शोधून काढलं होतं की आपल्याला कोणतं नाव परवडेल. त्या दिवशी प्रांजलीच्या वहीत सेकंदांच्या रकान्यात शून्य होतं, आणि त्या शून्याकडे बघत ती बराच वेळ बसून राहिली होती.

म्हणून ‘हिमवाणी’ : गळ्याचा पट्टा आणि पडद्यावरचे बर्फाचे खेळ, घरबसल्या बोलणं शिकवणारा एका कंपनीचा कार्यक्रम.

खोका आला त्या दिवशी तिथीचा बाबा सुहास खाणीतून लवकर घरी आला. तो कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होता, दिवसभर तापलेल्या खड्ड्यात उभं राहणारा माणूस. खोक्यातून निघालेला राखाडी मऊ पट्टा त्याने आधी स्वतःच्या गळ्याला लावून पाहिला आणि डोळे मिटले.

“प्रांजू, पोरीचं राहू दे, मलेच भरती कर बावा ह्याच्यात.”

तिथी खळखळून हसली. हसताना ती कधी अडखळत नसे.

बोलणं सुरू व्हायला मेंदूत एक इशारा लागतो. वाक्य तयार असतं, जीभ तयार असते, छातीत श्वास असतो. पण ‘आता’ असं म्हणणारं कोणीतरी आत बसलेलं असावं लागतं. अडखळणाऱ्या मुलांमध्ये हा ‘आता’ चुकीच्या वेळी येतो, किंवा येतच नाही. म्हणूनच ही मुलं गाणं म्हणताना अडत नाहीत, वर्गाबरोबर एका सुरात पाढे म्हणताना अडत नाहीत. तिथे ‘आता’ बाहेरून मिळतो. हिमवाणीवाल्यांनी तो बाहेरचा ‘आता’ पट्ट्यात भरला होता. मानेला अचानक गार लागलं की माणूस आपसूक श्वास ओढतो, आंघोळीचा पहिला तांब्या गार पडला की ओढतो तसा. पट्ट्यातल्या नखाएवढ्या चकत्या आधी तो श्वास घ्यायला लावत, आणि तो सुटायला लागला की नेमक्या त्या क्षणी गार टिचकी मारत. त्याच क्षणी पडद्यावर पायाखालचा बर्फ घसरायला लागे. शब्द उताराबरोबर बाहेर येई.

आणि काय काय होतं त्या बर्फात. लांब स्वरांसाठी स्कीचा उतार. हळूच सुरुवात करायच्या शब्दांसाठी कर्लिंग, ज्यात घोटीव दगड सोडायचा आणि त्याच्या पुढे पुढे झाडूने बर्फ घासत जायचा. एकमेकांचं ऐकून बोलायला आइस हॉकी. त, ट, क असे अडणारे शब्द स्की-जंपवर : उंचावरून धावत यायचं आणि टोकावरून सुटताना शब्द सोडायचा. वर्षातले पाच महिने खिडक्या बंद करून बसणाऱ्या मुलांना ह्याहून दुसरं काय हवं? शिकवणारी हिमदीदी पडद्यावर लाल टोपी घालून येई. ती माणूस नव्हती, पण थकतही नव्हती.

नवव्या दिवशी तिथी स्की-जंपच्या टोकावर आली, हात पसरले, आणि म्हणाली, “तिथीऽऽ.”

एकदाच. अख्खं. दूर धुक्यात जाऊन पडलं ते नाव.

प्रांजली ओट्याला धरून उभी होती. तिने वहीत शून्य लिहिलं, आणि ह्या वेळी त्या शून्याभोवती एक फूल काढलं.

तिसऱ्या महिन्यापासून ‘कोरडी पाळी’ सुरू झाली. रोज वीस मिनिटं पट्टा काढायचा, मुलाला गरम जागी न्यायचं, साधं बोलायचं. फोन ऐकत असे, आणि आईने फक्त जागेवर टिक करायची : घराबाहेर किंवा गरम खोली. कोरड्या पाळीत मूल अडखळलं तर कार्यक्रम पट्ट्याचे तास कमी करी आणि मुलाला मागच्या उतारांवर आणी. नीट बोललं, तर पुढच्या, लांब उतारांवर सोडी, जिथे पट्टा दिवसभर घालायचा असे. पिंपळशेंडे मॅडमनी सांगितलं होतं तेच हे, फक्त छापील अक्षरांत.

पहिल्या दिवशी प्रांजली तिला फाटकाशी घेऊन गेली. भाजीची गाडी आली होती.

“विचार दादांना, टमाटर कसे दिले.”

तिथीने तोंड उघडलं. दोन महिने झाडावरच्या पाखरासारखी बोलणारी पोरगी. काहीच आलं नाही. मान वळली, डोळे मिटले, गळ्याची शीर वर आली. पूर्वी निदान ति-ति तरी यायचं. आता नुसतं उघडं तोंड. चाळीस सेकंदांनी तिने आपल्याच मांडीवर चापट मारली, आणि परत मारली.

“राहू द्या ताई, ऊन लागलं असंन लेकराले,” भाजीवाला म्हणाला, आणि एक टमाटर तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी प्रांजलीने फाटकाकडे पाहिलंही नाही. तिने कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्याचिंब केल्या, वारा पुरा सोडला आणि तिथीला अगदी समोर पाटावर बसवलं. गळ्यावर गार झोत आला. पट्टा नव्हता, नियम मोडला नव्हता. तिथी वीस मिनिटं घडाघडा बोलली. प्रांजलीने ‘गरम खोली’वर टिक केली. खोली तशी गरमच होती, कूलरचा एक हात सोडला तर.

ते एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण हिमवाणीच्या कार्यक्रमातच आयांचा एक ग्रुप होता, एकमेकींचे नंबर न दिसणारा. सहाशे बाया, आणि एकीचंही नाव कोणाला ठाऊक नाही. बालवाडीच्या फाटकापासून पडलेली सवय. कबीरची आई, सान्वीची आई, पाखीची आई. तिथे रोज कोरड्या पाळीचं रडगाणं चाले. माझा गप्पच होतो. माझी पट्टा मागते, डोकं आपटते. प्रांजलीने लिहिलं : “वाळ्याच्या ताट्या ओल्या करा, मुलाला कूलरच्या अगदी पुढ्यात बसवा. छान बोलतात. टिक पडते.”

अर्ध्या तासात दोनशे अंगठे. कोणीतरी लिहिलं, “तिथीच्या आईंना पद्मश्री द्या गं.” भुसावळकडची पाखीची आई तर हात धुऊन मागे लागली. किती फुटांवर? ताट्या किती वेळा ओल्या करू? लाइट गेली तर? प्रांजली सगळ्याची उत्तरं द्यायची. शाळेत असल्यापासून तिला कोणी इतकं हुशार म्हटलं नव्हतं.

सुहासने एकदाच विचारलं. “ह्याला कोरडी पाळी म्हणतेत काय? मी आंघोळीनंतर बरा दिसतो, तसं झालं हे.”

“तू फाटकाशी उभा राहून बघ मग तिचं तोंड,” प्रांजली म्हणाली. त्यालाही बघायचं नव्हतं.

नोंदी उत्तम जात होत्या, म्हणून कार्यक्रमाने तिथीला लांब उतारांवर सोडलं. पट्टा आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत गळ्यात. बाहेरचा ‘आता’ इतका वेळेवर यायला लागला की आतला उठायचाच बंद झाला. पट्टा धुवायला काढला की तिथी फ्रीजकडे जायची. वणीहून आबांचा फोन आला, तर फ्रीजरचं दार उघडून त्यात मान घालून बोलायची : “आबा, मी शा-ळेत प-हिली आ-ले.” आबा तिकडे कौतुकाने बोलत, सुहास इकडे हसून फोटो काढत होता. प्रांजलीने वही उघडली, लिहिलं, ‘फ्रीज’, आणि सेकंदांच्या रकान्यात काय भरावं ते न कळून वही मिटली. त्या आठवड्यात पिंपळशेंडे मॅडमचा फोन येऊन गेला होता. तिने उलट फोन केला नाही.

मग मे महिन्याची नऊ तारीख.

पहाटे साडेपाचला प्रांजली आणि चौथ्या मजल्यावरच्या झाडे काकू गच्चीवर कुरडया घालून आल्या. गव्हाचा चीक, दोन साड्या, चार कोपऱ्यांवर विटा. उष्म्याचे नियम आल्यापासून गच्चीचं लोखंडी दार अकराच्या आत लावायचं असे, आणि ते काम सगळ्यांत वर राहणाऱ्या काकूंकडे होतं. काकू चोख. आधी हाक मारायच्या, मग कुलूप लावायच्या.

पावणेअकराला प्रांजलीचा फोन वाजला. पाखीची आई : “आमच्याकडे रोज लाइट जातेय. कूलर नसला तर ओला टॉवेल गळ्याला चालेल का?” प्रांजली सोफ्यावर बसून सविस्तर लिहायला लागली. तिथी शेजारी चित्र काढत होती. कोणत्या क्षणी उठली, ते कळलं नाही.

लेकरांना अर्धवट वाळलेली कुरडई फार आवडते. वरून कडक, आतून चिकट. कोणी बघायच्या आत तोडून पळायचं असतं.

झाडे काकू दाराशी आल्या आणि त्यांनी हाक मारली, “आहे का गं कोणी वर?” थांबून पुन्हा मारली, “कुलूप लावते हं.” तिथी पाण्याच्या टाकीमागे सावलीत उकिडवी बसली होती, मुठीत कुरडई. पहिल्या हाकेला ती लपली, कारण चोरी होती. दुसऱ्या हाकेला तिने तोंड उघडलं असणार. हे पुढे तिने चित्र काढून दाखवलं : टाकी, दार, आणि एक मुलगी जिचं तोंड मोठं काळं गोल होतं.

पट्ट्यातली चकती आतून गार होते तेव्हा बाहेरून तापते, आणि ती उष्णता तिला हवेत सोडावी लागते. हवाच पंचेचाळिसाच्या पुढे गेली की सोडायला जागा उरत नाही. चकती थांबते. घरात, शाळेत, गाडीत हे कधीच जाणवलं नव्हतं. गच्चीवर त्या वेळी एकोणपन्नास होतं.

काकूंनी तिसरी हाक मारली नाही. दोन खूप झाल्या, असं कोणीही म्हणेल.

प्रांजलीने सव्वाअकराला मान वर केली. न्हाणीघर, पलंगाखाली, कपाट. मग जिना, मग पार्किंग. फाटकावरचा माणूस म्हणाला कोणी गेलं नाही. काकू पदर सावरत खाली आल्या.

“काकू, गच्चीवर?”

“नाही गं. मी दोनदा हाक मारूनच कुलूप लावलं. कोणी असतं तर ओ दिली नसती काय?”

आणि प्रांजलीने, जिने इतकी वर्षं ह्या पोरीचे सेकंद मोजले होते, मान डोलावली आणि ती रस्त्यावर धावली. ओ दिली असती, हे तिलाही पटलं. तिची मुलगी बरी झाली होती.

इमारतीतले कूलर गरगरत होते. वरून दाराचा काही आवाज आला असेल, तर तो वाऱ्याचा वाटला. सुहास खाणीतून निघाला. बारा वाजायला आठ मिनिटं असताना प्रांजलीच्या हातात फोन थरथरला. हिमदीदीचं लाल टोपीतलं चित्र, आणि खाली ओळ : “गळपट्टा फार तापला आहे. कृपया सावलीत ठेवा. पट्टा तुमच्या जवळच आहे.”

ती जिना कसा चढली ते तिला आठवत नाही. काकूंनी कुलूप काढलं. दार उघडलं तेव्हा तिथी दाराला चिकटूनच पडली होती. तळहातांची कातडी लोखंडाला लागून निघाली होती. कुरडई मुठीतच.

तिथी वाचली. अकरा दिवस अतिदक्षता विभागात, मग वीस दिवस वॉर्डात. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं हळूहळू सावरतील, हात भरून येतील. बोलण्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत. ती आता अडखळत नाही. अडखळायला सुरुवात करावी लागते. पट्टा दाखवला तर ती दोन्ही हातांच्या बँडेजांनी गळा झाकून घेते.

कंपनीचं उत्तर चार ओळींचं आलं. आमच्या नोंदींप्रमाणे आपल्या पाल्याच्या एकसष्ट कोरड्या पाळ्या ‘गरम खोली’ ह्या जागी यशस्वी झाल्या आहेत. प्रत्येक नोंद आपण स्वतः केली आहे. त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. ग्रुप तर दहा तारखेलाच बंद झाला होता; चौकशी होईपर्यंत, असं लिहिलं होतं. सहाशे बाया एका क्षणात गेल्या.

पिंपळशेंडे मॅडम दवाखान्यात आल्या. प्रांजली त्या वाक्याची वाट बघत होती. त्यांनी ते म्हटलं नाही. त्यांनी स्टूल खिडकीशी ओढलं, पडदा सरकवला. उन्हाचा एक पट्टा तिथीच्या पायावर पडला. मग त्या तोंड मिटून नुसतं ‘म्’ म्हणत राहिल्या, दहा मिनिटं, वीस मिनिटं. चौथ्या दिवशी तिथीने त्यांच्या गळ्यावर बँडेजचा हात ठेवून तो ‘म्’ हाताने ऐकला. अजून तिथपर्यंतच आलंय.

“मॅडम, चिडा हो माझ्यावर,” प्रांजली एकदा जिन्यात म्हणाली.

“चिडून काय करू?” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या घरी एक कूलर होता. बाकीच्या किती घरी आहे ते सांगा आधी.”

ते तिला ठाऊक होतं. दोनशे अंगठे. फोनमध्ये ग्रुपचं शेवटचं पान तेवढं उरलंय. त्यात तिचं स्वतःचं, अर्धवटच पाठवलं गेलेलं उत्तर आहे : “हो, ओला टॉवेल चालेल, पण.” ह्या ‘पण’च्या पुढे ती काय लिहिणार होती, ते तिला आता आठवत नाही. त्याखाली पाखीच्या आईचा निरोप, नऊ तारीख, एक वाजून दहा मिनिटं : “टॉवेलने झालं ताई. टिक पडली. उद्यापासून लांब उतार.” आणि हात जोडलेले.

सुहास दोनदा भुसावळला जाऊन आला. नाव नाही, आडनाव नाही. शाळांमध्ये विचारलं तर तीन पाख्या निघाल्या, तिघी नीट बोलणाऱ्या. कंपनी पत्ता देत नाही, तो खासगी आहे. पोलिसांनी विचारलं, मुलगी हरवली आहे का? नाही. मग?

म्हणून प्रांजलीने वहीच्या मागच्या पानांवर हे सगळं सुरुवातीपासून लिहून काढलं, आणि जिथे जिथे कोणी छापेल तिथे पाठवलं. स्वतःला कमी दोष देणारी दोन वाक्यं तिने लिहिली होती, ती खोडली. शेवटचं पान खोडलेलं नाही. ते असं आहे :

तुम्ही भुसावळकडचे असाल, तर एक घर शोधा. पाखीची आई फोटो टाकायची, त्यावरून सांगते. दुसरा मजला. खिडकीला हिरवी जाळी, एका कोपऱ्यात फाटलेली, तिथे लाल चिंधी बांधली आहे. खिडकीतून रेल्वेची जुनी, गोल, दगडी पाण्याची टाकी दिसते. मुलगी सात वर्षांची, पुढचा एक दात नाही, गळ्यात राखाडी पट्टा असेल. तिला नाव विचारू नका. तुमच्याकडे लाइट गेलेली असेल त्या दुपारी जा, आणि हाक मारलीत तर ओ यायची वाट बघू नका. दार उघडायला लावा. आत जा आणि ती कुठे आहे ते डोळ्यांनी बघा.